पंचवीस मिनिटं, एक अडचण: मुंबईतल्या डेव्हलपर कॉन्फरन्समध्ये बोलायची तयारी

सुट्टीच्या दिवशी सकाळी बदलापूरहून निघून पवईला कॉन्फरन्सला येणारा माणूस आठवड्यातली एकमेव मोकळी सकाळ तुमच्या हवाली करतो. लोकल, मग रिक्षा किंवा बस, गेटवर ओळखपत्र, नोंदणीची रांग, आणि हॉलमध्ये पोचेपर्यंत पुढच्या जागा भरलेल्या. तो बसतो शेवटच्या रांगेत. प्रादेशिक कॉन्फरन्समध्ये टॉक देणाऱ्याने तयारीतला प्रत्येक निर्णय या माणसाकडे बघून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. विषय केवढा घ्यायचा, स्लाइडवरचं अक्षर केवढं ठेवायचं, डेमो इंटरनेटवर अवलंबून ठेवायचा का, कुठल्या भाषेत बोलायचं, या सगळ्याची उत्तरं तिथूनच मिळतात.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या, २००९ पासून भरणाऱ्या पायकॉन इंडियासारख्या राष्ट्रीय कॉन्फरन्सला लोक देशभरातून येतात, दोन-तीन दिवस राहतात आणि एखादं सेशन फसलं तरी बाकीची वसूल होतात. शहरातल्या एका दिवसाच्या कार्यक्रमात सहा-सात टॉक असतात. त्यातला एक पोकळ निघाला तर दिवसाचा मोठा तुकडा वाया जातो. म्हणून इथे बोलणं सोपं आहे असं समजू नये.

प्रस्ताव

आयोजक फॉर्ममध्ये साधारण पाच गोष्टी मागतात: शीर्षक, गोषवारा, टॉकचा आराखडा, श्रोत्यांची पातळी आणि तुमचा परिचय. प्रस्ताव वाचणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. ऑफिस सुटल्यावर, रात्री जेवण उरकून ते एकापाठोपाठ एक प्रस्ताव वाचतात. त्यांना दोनच गोष्टी कळायला हव्यात: श्रोत्याच्या हातात शेवटी काय पडणार, आणि हे सगळं दिलेल्या वेळात, समजा पंचवीस मिनिटांत, मावणार का.

समजा एखाद्याने लिहिलं, ‘भारतीय भाषांमधील सॉफ्टवेअर: आव्हाने आणि संधी’. यावरून काहीच कळत नाही. बोलणाऱ्याने मराठी मजकुरावर प्रत्यक्ष काम केलं असलं तरी ते या शीर्षकात दिसत नाही. त्याच माणसाने असं लिहावं: ‘दऱ्या शोधल्यावर दर्‍या का सापडत नाही? मराठी सर्चमधली एक चूक आणि तिची दुरुस्ती’. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, आणि टॉकचा सगळा जीव तिथेच आहे.

हे उदाहरण जरा जवळून बघू, कारण पंचवीस मिनिटांत मावणारी अडचण कशी असते ते त्यातून कळतं. युनिकोड म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणारं जागतिक प्रमाण. त्यात ऱ या अक्षराला स्वतंत्र जागा आहे. काही कीबोर्ड ‘दऱ्या’ लिहिताना हा ऱ, मग हलन्त, मग य आणि काना अशी चिन्हं साठवतात. द धरून पाच कोड पॉइंट, म्हणजे युनिकोडची क्रमांक असलेली चिन्हं, झाले. दुसरे काही कीबोर्ड साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर, मग य आणि काना साठवतात. हे सहा झाले. पडद्यावर फरक शून्य, डेटाबेसमध्ये मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे समतुल्य रूपं एकसारखी करायची प्रक्रिया, चालवलं तरी ते एक होत नाहीत, कारण प्रमाणानुसार हे दोन क्रम समतुल्य नाहीत. म्हणजे नियम आपणच लिहायचा: र, हलन्त आणि जॉइनर ओळीने आले आणि पुढे य किंवा ह असेल, तर त्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे. साठवताना ठेवायचे आणि शोधताना वापरकर्त्याने टाइप केलेल्या शब्दावरही तेच करायचं. एकाच बाजूला केलं तर चूक तशीच राहते, फक्त उलट दिशेला.

यात हमखास होणारी चूक अशी, की जॉइनर दिसत नाही म्हणून तो कचरा समजून सगळीकडून सरसकट उडवला जातो. मग र, हलन्त आणि य एकमेकांना चिकटतात, र चा रफार होतो आणि ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र मिळतो. ‘आचाऱ्याला’ लिहिलेलं ‘आचार्याला’ होतं आणि स्वयंपाक्याचा पगार गुरुजींच्या नावावर दिसतो. हे हॉलमध्ये पडद्यावर दाखवलं की समोरच्या मराठी माणसाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

आराखडा मिनिटांसकट द्या. पहिली तीन मिनिटं चूक प्रत्यक्ष दाखवायची. पुढची सहा मिनिटं ती का होते ते. मग आठ मिनिटं दुरुस्ती, दोन्ही बाजूंची. त्यानंतर पाच मिनिटं या दुरुस्तीने काय सुटत नाही ते, आणि उरलेली तीन मिनिटं कोड कुठे आहे आणि आपल्या डेटावर तपासायचं कसं, यासाठी. ‘काय सुटत नाही’ हा भाग गाळू नका. प्रस्ताव वाचणाऱ्याला त्यावरूनच कळतं की हा माणूस या कामातून गेला आहे. आणि विषयाबाहेर काय ठेवलंय तेही लिहा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणं हा वेगळा टॉक आहे, इथे तो घेणार नाही, असं एक वाक्य पुरतं.

काही कॉन्फरन्समध्ये पहिल्या फेरीत नावं झाकून प्रस्ताव वाचतात. तेव्हा गोषवाऱ्यात स्वतःचं किंवा कंपनीचं नाव घालू नका, परिचयाच्या रकान्यात काय लिहायचं ते लिहा. परिचय तीन ओळींचा बास. निवेदक तो मोठ्याने वाचणार आहे हे लक्षात ठेवून लिहा.

ऑफिसची परवानगी प्रस्ताव पाठवण्याआधीच मागा. मंजुरी कायदा विभागातून फिरून येते आणि त्यात आठवडे जातात. क्लायंटचं नाव, खऱ्या ग्राहकांच्या नोंदी, आतल्या डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट यातलं काहीही टॉकमध्ये नको. उदाहरणाचा डेटा स्वतः बनवा. शंभर मराठी आडनावं आणि गावांची नावं पुरतात, आणि ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाड’ यांसारखी नावं त्यात असली की डेमो आपोआप खरा वाटतो.

कुठल्या भाषेत

मुंबईच्या हॉलमध्ये शेजारी गुजराती, तमिळ, हिंदी बोलणारे बसलेले असतात. कार्यक्रम मराठी असं जाहीर नसेल तर आयोजकांना आधी विचारा आणि प्रस्तावातच भाषा लिहा. वेळापत्रकात ती छापली गेली की कुणाची फसगत होत नाही. मराठीत बोलायचं ठरलं तर ऑफिसात बोलतो तसंच बोला. डिप्लॉय, क्वेरी, ब्रांच, कॅशे, इंडेक्स हे शब्द तसेच ठेवा. त्यांच्यासाठी नवे संस्कृत प्रतिशब्द काढले तर शेवटच्या रांगेतला माणूस शब्दाचा अर्थ लावण्यात अडकतो आणि मुद्दा निसटतो. मराठीचा खरा उपयोग होतो तो ‘का’ समजावताना. कारणपरिणाम सांगायला आपल्याकडे सकस वाक्यं आहेत. ती वापरा.

स्लाइड

अक्षराचा आकार पॉइंटमध्ये ठरवण्यापेक्षा घरच्या घरी मोजून ठरवा. हॉलचा पडदा ३ मीटर रुंद आहे आणि शेवटची रांग १५ मीटरवर आहे असं धरा. म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या पाचपट अंतर झालं. १४ इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण ३१ सेंटीमीटर रुंद असते. तिच्या पाचपट म्हणजे दीड मीटर. स्लाइड पूर्ण स्क्रीनवर उघडा, दीड मीटर मागे सरका आणि वाचा. डोळे बारीक करावे लागले तर अक्षर लहान आहे. कोडच्या बाबतीत याचं उत्तर जवळजवळ नेहमी असं निघतं: एका स्लाइडवर दहा-बारा ओळी, त्याहून जास्त नाही. मोठं फंक्शन असेल तर बदललेल्या चार ओळीच दाखवा, बाकी कोडची लिंक द्या.

काळ्या पार्श्वभूमीचा कोड एडिटर लॅपटॉपवर छान दिसतो, प्रोजेक्टरवर मार खातो. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. तो तिथे फक्त प्रकाश टाकत नाही, आणि पडदा मुळात पांढरा असतो. हॉलमधले दिवे चालू असले की तो काळा भाग राखाडी होतो आणि त्यावरची निळी-जांभळी अक्षरं बुडून जातात. रेकॉर्डिंग होत असेल तर कॅमेऱ्यासाठी दिवे चालूच ठेवतात. म्हणून पांढऱ्यावर काळं, आणि एडिटरलाही लाइट थीम. हॉलमध्ये मोठी एलईडी भिंत असेल तर काळं चालतं, पण ते आधी कळत नाही, तेव्हा दोन्ही तयार ठेवण्यापेक्षा लाइट ठेवून मोकळं व्हा.

कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये बऱ्याचदा जमीन सपाट असते, पायऱ्या नसतात. पुढच्या डोक्यांमागे पडद्याचा खालचा भाग जातो. स्लाइडचा तळाचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवा. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) दाखवताना प्रॉम्प्ट, म्हणजे टाइप करायची ओळ, तळाशीच येतो आणि नेमका तोच झाकला जातो, म्हणून अधूनमधून स्क्रीन पुसून वरून सुरुवात करा.

देवनागरीचे स्वतःचे त्रास आहेत आणि ते इंग्रजीतल्या स्पीकर-गाइडमध्ये सापडत नाहीत. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळींमधलं अंतर दीडपटीच्या आसपास ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रेफात घुसतो. इंग्रजीइतक्याच पॉइंटला देवनागरीचं अक्षर बारीक दिसतं, तेव्हा दोन-चार पॉइंट वाढवा. फॉन्ट नोटो सान्स देवनागरीसारखा मोफत आणि जोडाक्षरं नीट करणारा घ्या. आयोजकांच्या लॅपटॉपवरून स्लाइड दाखवायची वेळ आली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन येतात किंवा मांडणीच बदलते. उपाय एकच, फॉन्ट आत घातलेली पीडीएफ. ती पेन ड्राइव्हवर, मेलमध्ये आणि फोनमध्ये अशी तीन ठिकाणी ठेवा.

ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात मराठीची वर्णमाला आणि अक्षरांची रूपं ठरवून दिली. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात तिथे मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगावं लागतं, तरच मराठी रूप येतं. स्लाइड ब्राउझरमध्ये चालणारी असेल तर पानाच्या भाषेचा कोड मराठीचा द्या. बऱ्याच टेम्प्लेटमध्ये तो इंग्रजीचाच राहून जातो.

टर्मिनलमध्ये मराठी मजकूर दाखवायचा मोह टाळा. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठराविक रुंदीचा चौकोन देतो, आणि आपली मात्रा, उकार, जोडाक्षर त्या चौकोनात बसत नाहीत. कित्येक टर्मिनलमध्ये वेलांटी अक्षरापासून सुटून उभी राहते. मग श्रोत्याला वाटतं तुमचाच कोड चुकला. निकाल फाइलमध्ये लिहून एडिटरमध्ये किंवा ब्राउझरमध्ये उघडून दाखवा.

डेमो

हॉलच्या वायफायवर डेमो ठेवू नका. दोनशे माणसं, प्रत्येकाकडे फोन आणि निम्म्यांकडे लॅपटॉप. त्यात नेट मंद वाटलं की लोक आपापले हॉटस्पॉट सुरू करतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच वापरात आहेत, १, ६ आणि ११. वीस-पंचवीस हॉटस्पॉट त्या तिघांत कोंबले की सगळेच एकमेकांची वाट बघत बसतात. सगळं लॅपटॉपवरच चालेल असं करा: डेटाबेस लोकल, डॉकरच्या इमेज (प्रोग्रामचे तयार गठ्ठे) आधी उतरवलेल्या, पॅकेज आधी बसवलेले. आदल्या रात्री वायफाय बंद करून डेमो पहिल्यापासून चालवा. फॉन्ट किंवा जावास्क्रिप्टची एखादी लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरवरून येते हे तेव्हाच कळतं. नेटशिवाय होणारच नसेल तर हॉटस्पॉटऐवजी फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून नेट घ्या.

स्टेजवर कोड टाइप करू नका, एखादी ओळ सोडून. प्रत्येक टप्प्याला कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये टॅग (खुणेचं नाव) लावा आणि एका टॅगवरून दुसऱ्यावर उडी मारा. एका हातात माइक असताना टाइप करायला उरतो एकच हात, आणि त्यातून होणाऱ्या चुका अख्खा हॉल बघत असतो. डेमोचं दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर फाइल म्हणून ठेवा. डेमो अडला तर तीस सेकंद प्रयत्न करा, मग व्हिडिओ लावा आणि पुढे चला. त्या तीस सेकंदांचं भान राहत नाही, म्हणून ते आधीच ठरवून ठेवायचं.

अक्षरं मोजण्याचा डेमो असेल तर एक खास सावधगिरी. ‘मुंबई’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा आहे, कोड पॉइंट पाच, आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत पंधरा बाइट. ही मोजणी सगळीकडे सारखीच येते, म्हणून हा शब्द दाखवायला उत्तम. ‘नमस्ते’ तसा नाही. २०२३ मध्ये युनिकोडच्या १५.१ आवृत्तीने जोडाक्षरं तोडण्याचा नियम बदलला, त्यामुळे ‘स्ते’ नव्या नियमाने एकच गट होतो, जुन्याने दोन. लायब्ररी जुनी की नवी यावर तीन किंवा चार उत्तर येतं. जो आकडा स्लाइडवर छापलाय तोच त्या लॅपटॉपवर येतो का ते बघून घ्या.

ही मोजणी पैशाशी जोडली की हॉल जागा होतो. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, मराठी ७० चा. लांब संदेश तुकड्यांत जातो तेव्हा प्रत्येक तुकड्यात इंग्रजीची १५३, मराठीची ६७. आणि ही सत्तर म्हणजे कोड पॉइंट, अक्षरं नव्हेत. ‘मुंबई’ यातले पाच खाते. ज्याच्या कंपनीत मराठी ओटीपी जातात तो लगेच वहीत आकडेमोड करायला लागतो.

तालीम

उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून निदान तीन वेळा. मनातल्या मनात म्हटलेला टॉक नेहमी लवकर संपतो आणि खोटी खात्री देतो. पंचवीस मिनिटांच्या जागेसाठी, आराखड्यातले भाग थोडे आखडून, घरी टॉक एकवीस मिनिटांत बसला पाहिजे. उरलेली चार ओळख करून देण्यात, माइक लावण्यात, मधल्या एखाद्या प्रश्नात जातात. दहाव्या मिनिटाला कुठल्या स्लाइडवर असायला हवं आणि अठराव्याला कुठल्या, हे कागदावर लिहा. गाळता येतील अशा दोन स्लाइडवर आधीच खूण करा. मागचा टॉक लांबला की आयोजक तुमची पाच मिनिटं मागतात, आणि तेव्हा काय गाळायचं ते स्टेजवर सुचत नाही.

पोचणं

शनिवारचा कार्यक्रम असेल तर गर्दी धरून निघा. रविवारचा असेल तर आदल्या दिवशी ब्लॉकची बातमी बघा. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो, पश्चिम रेल्वेचाही कधी जम्बोब्लॉक असतो. पवईला जाणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं: माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असला की धीम्या गाड्या जलद मार्गावरून धावतात आणि कांजूरमार्गला थांबत नाहीत. तेव्हा विक्रोळीला किंवा भांडुपला उतरून रिक्षा करायची. अंधेरीकडून येणाऱ्यांना मेट्रोने घाटकोपर हा रस्ता आहेच. माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजसारख्या ठिकाणी कार्यक्रम असेल तर रिक्षाचा विचार सोडा. शीव आणि वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, स्टेशनवरून चालत जा किंवा टॅक्सी घ्या. बीकेसीला मेट्रो ३ चं स्टेशन झाल्यापासून वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग टळते, पण स्टेशनपासून इमारतीपर्यंतचं चालणं धरून वेळ काढा.

पावसाळ्यात लॅपटॉप आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग सॅकमध्ये. सॅकचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं आणि पाणी तिथूनच उतरतं. एक सुका शर्ट बरोबर घ्या.

हॉलमध्ये

तुमच्या टॉकआधीच्या मधल्या सुट्टीत, आणि शक्य असेल तर सकाळी दार उघडल्याबरोबर, लॅपटॉप लावून बघा. यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणून चित्र बाहेर जाईल असं नाही. काही लॅपटॉपमध्ये ते फक्त चार्जिंग आणि डेटापुरतं असतं. तुमच्या लॅपटॉपच्या कुठल्या पोर्टातून चित्र जातं ते घरच्या टीव्हीवर तपासा आणि तोच अडॅप्टर आणा. जुन्या हॉलमध्ये अजून व्हीजीए केबल निघते, म्हणून एचडीएमआयवरून व्हीजीएचाही एक अडॅप्टर सॅकमध्ये असू द्या.

चित्र आलं नाही तर घाईघाईने सगळं एकदम हलवू नका. आधी केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. मग विंडोजवर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा, नोट्स फक्त तुम्हालाच दिसायला हव्या असतील तर एक्स्टेंड. तरी नाही आलं तर रिझोल्युशन १९२० बाय १०८० आणि ६० हर्ट्‌झवर आणा. मध्ये स्प्लिटर (एकच सिग्नल दोन ठिकाणी देणारा डबा) किंवा रेकॉर्डिंगचं यंत्र असेल तर १२८० बाय ७२० करून बघा. स्वस्त स्प्लिटरला फोर-के सिग्नल पेलत नाही, आणि तो लॅपटॉपला त्याबद्दल नीट कळवतही नाही. चित्र आलं पण पडद्यावर तुमच्या नोट्स आणि लॅपटॉपवर स्लाइड दिसतेय, तर डिस्प्ले उलटे लागलेत. प्रेझेंटरच्या मेनूत ते अदलाबदल करायचं बटण असतं. तालमीत ते एकदा शोधून ठेवा.

स्क्रीनसेव्हर बंद, नोटिफिकेशन बंद, ब्राउझरमधलं व्हॉट्सअ‍ॅप बंद. विंडोजचे अपडेट आठवडाभर पुढे ढकला. चार्जर लावूनच बोला. बॅटरीवर लॅपटॉप प्रकाश कमी करतो आणि झोपायला बघतो. पोडियमवरचा सॉकेट ढिला असला की चार्जर त्यातून निसटतो, म्हणून तीन पिनांची लांब वायर आणलेली बरी.

साउंडवाल्यांशी आधी बोला, तेही माणसासारखं. ‘दादा, कॉलर माइक आहे का? मला मधे टाइप करायचंय.’ एवढं आधी विचारलं तर ते शोधून ठेवतात, ऐन वेळी सांगितलं तर हातातला माइकच मिळतो. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीतभर, शर्टाच्या मधोमध. ओढणी, लॅनयार्ड आणि गळ्यातलं ओळखपत्र त्यावर घासलं की खरखर ऐकू येते, तेव्हा ओळखपत्र काढून ठेवा. हातातला माइक असेल तर तो तोंडापासून चार बोटांवर आणि पडद्याकडे वळताना तोंडाबरोबर वळला पाहिजे. बोलणारे पडद्याकडे बघायला मान वळवतात आणि माइक होता तिथेच राहतो, नेमकं तेच वाक्य मागे ऐकू जात नाही.

प्रश्न

प्रेक्षकांतून आलेला प्रत्येक प्रश्न माइकवर पुन्हा म्हणा. मागच्यांना तो ऐकू गेलेला नसतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तर येतच नाही. पुन्हा म्हणताना तो दोन ओळींत आटपा, त्यात विचार करायला वेळही मिळतो. कुणी प्रश्नाऐवजी स्वतःचा अनुभव लांबवत गेलं तर ‘हे महत्त्वाचं आहे, टॉक झाल्यावर बाहेर बोलूया’ म्हणून पुढचा हात घ्या, आणि नंतर खरंच बाहेर थांबा. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि मेलवर पाठवायचं कबूल करा. विद्यार्थ्यांचे हात उशिरा वर येतात, म्हणून पहिला प्रश्न मागच्या दोन रांगांमधून घ्यायचा असं मी आयोजकांना नेहमी सुचवतो.

फक्त ऐकायला येणाऱ्यांसाठी

वेळापत्रक आदल्या दिवशी वाचून दोनच टॉक पक्के करा, बाकी वेळ कॉरिडॉरसाठी ठेवा. आपल्या कामातली अडलेली एक गोष्ट एका वाक्यात लिहून आणा. ‘आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये मराठी नावं चुकीच्या क्रमाने येतात, कोलेशन (क्रम लावायचा नियम) कुठलं लावायचं?’ असा प्रश्न घेऊन चहाच्या रांगेत उभं राहिलं तर उत्तर देणारा सापडतो. ‘सध्या काय चाललंय?’ ने संभाषण दोन मिनिटांत आटतं. जेवणाच्या रांगेत पहिली वीस मिनिटं जाऊ नका. तेव्हाच वक्ते मोकळे असतात.

त्याच रात्री

स्लाइडची पीडीएफ आणि कोड त्याच रात्री टाका. लिंक शेवटच्या स्लाइडवर क्यूआरमध्ये द्यायची असेल तर तो कोड पडद्याच्या एक तृतीयांश उंचीचा हवा, आणि पाच मिनिटं, म्हणजे प्रश्न संपेपर्यंत, पडद्यावर राहिला पाहिजे. मोकळे परवाने असलेले फॉन्टच आत घातलेत ना, ते बघा. प्रश्नांत तुमची चूक कुणी दाखवली असेल तर कोडच्या वाचा-मला (README) फाइलमध्ये ती दुरुस्ती तारखेसकट लिहा आणि दाखवणाऱ्याची परवानगी असेल तर त्याचं नावही. रेकॉर्डिंग यायला आठवडे लागतात. आलं की त्यातले प्रश्न ऐकू येतात का तपासा, आणि नसतील तर व्हिडिओच्या वर्णनात वेळेसकट टाइप करून आयोजकांना पाठवा.